कागद त्यांचा आहे

स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांना तू चित्रं काढायला बसवतेस, त्याबद्दलचं तुझं पत्र दोनदा वाचलं. आजोबांनी अख्खा कागद तपकिरी करून टाकला, दहा मिनिटांत ते सगळं विसरले आणि त्यांच्या मुलानं तुला विचारलं, "याचा उपयोग काय?" तुला उत्तर सुचलं नाही. मलाही बरीच वर्षं सुचत नव्हतं. म्हणून मी चित्रं देखणी करायच्या मागे लागले.

एका केंद्रात नातेवाइकांसाठी प्रदर्शन होतं. आदल्या रात्री मी एका आजींचं झाड 'जरासं' नीट केलं. खोडाला सावली दिली, बाहेर गेलेला रंग पांढऱ्यानं झाकला. सकाळी आजी त्यापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "छान आहे. कुणी काढलंय?" विसरल्या म्हणून सगळे हळहळले. खरंच विसरल्या असतील. पण उत्तर मला ठाऊक होतं.

त्यांच्या कागदाला हात लावू नकोस.

विल्यम उटरमोलेन या चित्रकाराला १९९५मध्ये अल्झायमर्सचं निदान झालं. त्यानंतरही तो स्वतःचा चेहरा काढत राहिला आणि चित्रागणिक तो चेहरा विस्कटत गेला. कुणी मदतीला धावून नाक जागेवर बसवून दिलं असतं तर?

आणि "आठवतंय का?" हे विचारणं बंद कर. ती परीक्षा झाली. नव्या घटना आठवणीत साठवायला मदत करणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग या आजारात लवकर बिघडतो. हाताच्या सवयी मेंदूत दुसरीकडे असतात, त्या पुष्कळदा जास्त टिकतात. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या एक बाई माझ्याकडे यायच्या. ब्रश सुईसारखा धरायच्या आणि कागदभर टाके घालायच्या. ब्रश 'असा' धरा म्हणून सांगणारी मी कोण?

बाकी टेबल गडद ठेव, म्हणजे पांढऱ्या कागदाची कड दिसते. रंगाचं पाणी पेल्यात ठेवू नकोस, पितात. लहान मुलांसारखं सशाचं छापील चित्र रंगवायला देणार असशील तर मला पुन्हा लिहू नकोस.

"हिच्या गटाची चित्रं भिंतीवर लावता येत नाहीत," असं सहकारी माझ्याबद्दल म्हणायचे. नाही येत. मग?

तो तपकिरी कागद टाकला नाहीस ना? लाल, पिवळा, निळा एकमेकांत कालवले की असा तपकिरी होतो. मुलाला सांग, बाबांनी एकूण एक डबी उघडली होती. मागे तारीख तू घाल, सही त्यांना करू दे. नुसती रेघ आली तरी चालेल, फक्त ती सरळ करायला जाऊ नकोस.