राष्ट्रीय सामाजिक संवाद परिषदेचं वर्षभराचं काम आखताना सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न मला असा समजला: सरकार, मालक आणि कामगार अशा तिन्ही बाजू असलेल्या राष्ट्रीय परिषदेत तुमच्या महासंघाला जागा मिळाली आहे. पुढच्या वर्षाचा कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीवर तुम्ही आहात. सचिवालयानं वीसेक विषयांची यादी पुढे ठेवली आहे आणि त्यातलं काय घ्यावं, कधी घ्यावं, हे उमगत नाही. कामगार संघटनेच्या बाजूनं अशा बैठकांची टिपणं आणि मसुदे तयार करण्याचं काम मी बरीच वर्षं केलं आहे, त्या अनुभवावरून सांगते.

ती यादी तूर्त बाजूला ठेवा. पुढच्या वर्षात सरकार कोणते आर्थिक आणि कामगारविषयक निर्णय घेणार आहे आणि प्रत्येक निर्णयाचं दार नेमकं कधी बंद होतं, एवढंच आधी कागदावर मांडा. अर्थसंकल्प संसदेत मांडला जातो त्या दिवशी आपल्याला करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. अर्थ मंत्रालय बाकीच्या खात्यांना खर्चाची मर्यादा कळवतं, ती तारीख खरी. विधेयकाचंही तसंच. मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली की मसुदा सहसा हलत नाही. ही तारीख सापडली की तिथून उलट मोजत यायचं, आणि परिषदेच्या बैठका त्या मोजणीत जिथे पडतील तिथे ठेवायच्या. दर तिमाहीला एक बैठक, असं सरसकट ठरवून टाकलं की शिफारस कितीही चांगली असली तरी निर्णय होऊन गेल्यावर पोचते.

पोलंडमध्ये किमान वेतनापुरती ही मोजणी कायद्यानंच करून दिली आहे. पुढच्या वर्षाच्या किमान वेतनाचा प्रस्ताव सरकारला 15 जूनपर्यंत सामाजिक संवाद परिषदेकडे द्यावा लागतो. तो मिळाल्यापासून परिषदेला 30 दिवस असतात. तेवढ्यात एकमत झालं नाही तर मंत्रिमंडळ 15 सप्टेंबरपर्यंत स्वतः रक्कम ठरवतं. आता या 30 दिवसांकडे कामगारांच्या बाजूनं पाहा. प्रस्ताव हातात आल्यावर महागाईचे आकडे गोळा करायला बसलात तर महिना त्यातच संपेल. आकडेमोड एप्रिल-मेमध्येच उरकलेली हवी आणि किती रकमेखाली उतरायचं नाही, हे संघटनांनी आपसात जूनच्या आधी ठरवलेलं हवं.

वार्षिक आराखड्यात सगळ्यात जास्त विसरला जातो तो हाच आपसात ठरवण्याचा वेळ, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सरकारचा प्रतिनिधी मंत्र्यांना फोन करून संध्याकाळपर्यंत भूमिका सांगू शकतो. महासंघाच्या प्रतिनिधीला ती मुभा नसते. मसुदा घटक संघटनांकडे जातो, तिथून शाखांकडे, मग कार्यकारिणी बसते, कुणी दुरुस्ती सुचवतं, ती पुन्हा सगळीकडे फिरते. यात आठवडे जातात. मालकांच्या संघटनांनाही हे चुकत नाही. मोठ्या कारखानदाराचं आणि दहा माणसांच्या वर्कशॉपचं हित एक नसतं, त्यांनाही आधी आतल्या आत जुळवून घ्यावं लागतं. हा वेळ कार्यक्रमात लिहिलेला नसेल तर प्रतिनिधी घाईघाईत होकार देऊन येतात आणि नंतर त्यांचेच सभासद तो करार झुगारतात. घरकामगार, कंत्राटी कामगार, फेरीवाले यांचं म्हणणं हवं असेल तर वेळ आणखी जास्त धरा, कारण त्यांच्यापर्यंत मसुदा पोचवणारी शाखा बहुतेक ठिकाणी नसतेच. प्रत्येक विषयापुढे ‘सभासदांशी चर्चा’ अशी तारखांसकट ओळ हवी, हा आग्रह पहिल्याच बैठकीत धरा.

दुसरा आग्रह आकड्यांचा. वेतन किती वाढावं यावर मतभेद राहणारच, पण महागाई किती आणि उत्पादकता किती यावरच भांडण सुरू झालं तर वर्ष त्यातच संपतं. आयर्लंडमध्ये 1973 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय आर्थिक व सामाजिक परिषदेनं 1986 मध्ये देशाच्या आर्थिक संकटाचं सर्व बाजूंना मान्य असलेलं निदान अहवालात मांडलं. दुसऱ्याच वर्षी, 1987 मध्ये, सरकार आणि संघटनांमध्ये जो राष्ट्रीय करार झाला त्याचा पाया हा अहवाल होता. बेल्जियममध्ये 1996 च्या कायद्यानुसार केंद्रीय आर्थिक परिषद जर्मनी, फ्रान्स आणि नेदरलँड्सशी तुलना करून वेतनवाढीला किती वाव आहे याचा तांत्रिक अहवाल काढते आणि वाटाघाट त्यानंतर होते. तिथल्या कामगार संघटना या कायद्यावर कडाडून टीका करतात. ती मला पटते, कारण मर्यादाच आधी बांधून दिली की घासाघीस करायला उरतं थोडं. पण क्रम मात्र घेण्यासारखा आहे: आधी आकडे, मग मागण्या. तुमच्या कार्यक्रमात वर्षाचे पहिले दोन महिने आकड्यांच्या अशा सामायिक टिपणासाठी राखून ठेवा आणि ते लिहिणाऱ्या कार्यगटावर तिन्ही बाजूंचे अभ्यासक बसवा.

विषय किती घ्यावेत? माझ्या मते मोठे तीन, फार तर चार. निवडताना एकच कसोटी लावा: सरकारचं मत अजून पक्कं झालेलं नाही, असा हा विषय आहे का? नेदरलँड्सच्या सामाजिक-आर्थिक परिषदेचा सल्ला घेण्याचं सरकारवरचं बंधन 1995 मध्ये काढून टाकलं गेलं. 1950 पासूनची ही परिषद त्यानंतरही टिकली आहे. तिच्यात मालक, कामगार आणि स्वतंत्र तज्ज्ञ असे प्रत्येकी 11 सदस्य असतात. सल्ला मागायची सक्ती नसताना योग्य वेळी योग्य विषय हाती घेणं हेच अशा परिषदेचं बळ असतं.

एखादा विषय वर्षात मावणारा नसेल तर त्याचे टप्पे पाडा आणि या वर्षी कोणता टप्पा पुरा होणार तेवढंच लिहा. दक्षिण आफ्रिकेत राष्ट्रीय किमान वेतनाची चर्चा नेडलॅक या तिथल्या सामाजिक संवाद परिषदेत 2014 मध्ये मार्गी लागली, 2016 मध्ये तज्ज्ञ समितीनं ताशी 20 रँडचा आकडा सुचवला, मूळ करार फेब्रुवारी 2017 मध्ये झाला आणि कायदा 1 जानेवारी 2019 पासून लागू झाला. पहिल्याच वर्षी ‘किमान वेतन ठरवणे’ असं उद्दिष्ट लिहिलं असतं तर वर्षअखेरीस अपयशाची नोंद झाली असती, प्रत्यक्षात काम नीट पुढे सरकत असतानाही.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कामकाजाबाबत सरकारनं मालक आणि कामगारांशी सल्लामसलत करावी, असं सांगणारा तिचा 144 क्रमांकाचा करार तुमच्या देशानं मान्य केला असेल तर त्यातली सल्लामसलत वर्षातून किमान एकदा करावीच लागते. या संघटनेची जिनिव्हातली वार्षिक परिषद साधारण जूनमध्ये असते, तेव्हा तिच्या विषयपत्रिकेवरची चर्चा त्याआधी उरकून घ्या. शिवाय कार्यगटांचा साधारण पाव वेळ मोकळा ठेवा. महागाईचा भडका किंवा मोठा कारखाना बंद पडणं कॅलेंडर पाहून येत नाही.

एकमत झालं नाही तर काय करायचं, हेही वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून घ्या. भिन्न मत कारणांसकट अहवालात छापलं जाईल, हे ठरलेलं असलं की माणसं टेबलावर बसून राहतात. पोलंडमध्ये जून 2013 मध्ये तिन्ही मोठ्या कामगार महासंघांनी जुन्या त्रिपक्षीय आयोगातून अंग काढून घेतलं, कारण सरकार ऐकल्यासारखं करून स्वतःला हवं तेच करतं, असं त्यांचं म्हणणं होतं. 2015 च्या कायद्यानं नवी परिषद आली तेव्हा अध्यक्षपद दर वर्षी तिन्ही बाजूंकडे आळीपाळीनं जाईल अशी तरतूद झाली. तुमच्याकडे अध्यक्षपद असं फिरतं असेल तर मावळत्या आणि येणाऱ्या अध्यक्षांनी कार्यक्रमावर एकत्र सही करावी, म्हणजे जानेवारीत सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही.

आणि प्रत्येक शिफारशीपुढे एक रकाना ठेवा: सरकारचं लेखी उत्तर, किती तारखेपर्यंत, कोणत्या मंत्रालयाकडून. ‘नाही’ असं उत्तर आलं तरी त्याची कारणं मागा. उत्तरच आलं नाही तर तो विषय पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत आपोआप पहिला येईल, असा नियम आत्ताच करून घ्या. कार्यक्रम मंजूर होण्याआधी हा नियम मिळवणं सोपं असतं, कारण तेव्हा तुमची सही अजून बाकी असते.