टीकप पॉम, शित्झू की चिवावा: तुमची पोस्ट वाचली म्हणून लिहितेय

ताई, तुमची पोस्ट दुपारीच वाचली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. नागपुरात चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, तुम्ही दोघं नोकरीवर, घरी सासूसासरे, सात वर्षांची लेक कुत्र्यासाठी हट्ट धरून बसलेली, शित्झू, टॉय पॉम आणि चिवावा यांत काही ठरत नाहीये, आणि त्यात एक जण ५५ दिवसांचं 'टीकप पॉम' (म्हणजे चहाच्या कपात मावेल एवढं छोटं पॉमेरेनियन म्हणून विकतात ते) तळहातावर ठेवलेला फोटो पाठवून म्हणतोय की शनिवारी येऊन घेऊन जा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. बाकीच्यांनी ब्रीडवर भरभरून लिहिलंय, मी पण लिहिणार आहे, पण त्या फोटोबद्दल कोणीच काही बोललं नाही. मला तो बघून पोटात गोळा आला. डिट्टो तसाच फोटो मला २०१६ च्या डिसेंबरात आला होता.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. घरचं एक कुत्रं, आणि सुट्ट्यांमध्ये ओळखीच्यांची कुत्री आमच्याकडे राहायला येतात, त्यातून जे कळलं तेवढंच. लस, जंताचं औषध, शी-शूची सवय हे सगळं तुम्ही वाचलेलं दिसतंय, त्यात जात नाही.

तर आमचं. मुलगा तेव्हा सहावीत होता. विकणारा म्हणाला दोन महिने पूर्ण आहेत, टीकप आहे म्हणून एवढंसं दिसतंय, मोठं झालं तरी दीड किलोच्या वर जाणार नाही. १८ हजार मोजले. सोबत लसीचं कार्ड होतं, त्यावर स्टिकर चिकटवलेला, म्हणून मी निश्चिंत. कार्डावर डॉक्टरचा शिक्का नाही, सही नाही, हे घरी आल्यावर पण माझ्या लक्षात आलं नाही.

तिसऱ्या रात्री साधारण तीन वाजता मी पाणी प्यायला उठले आणि सहज खोक्यात हात घातला. पिल्लू मळून ठेवलेल्या कणकेच्या गोळ्यासारखं गार लागलं. उचललं तर मान लोंबली. हिरड्या पांढऱ्याफटक, डोळे अर्धवट उघडे, मागचा एक पाय थरथरत होता. विकणाऱ्याचा फोन बंद. एका दवाखान्याच्या बोर्डावर २४ तास लिहिलेलं मी येता-जाता बघितलं होतं म्हणून थेट तिकडे गाडी काढली, तर शटर खाली. बोर्डावरचा नंबर लावला आणि शटरच्या आत फोन वाजताना आम्हाला बाहेर ऐकू येत होता. पुन्हा लावला, पुन्हा आत वाजला. ती रिंग मला आजही आठवते. नंतर मी तिथे जाऊन विचारलं तर काउंटरवरचा म्हणाला, मॅडम २४ तास म्हणजे इमर्जन्सीला, आधी कळवायचं असतं. कुणाला कळवायचं? कशावर? त्यांच्याच नंबरवर तर कळवत होतो. असो, हे लिहिताना अजूनही रक्त उसळतं, आणि म्हणून सांगते की कुत्रं आणायच्या आधी एका रात्री अकरा-बाराला तुमच्या भागातल्या दोन-तीन दवाखान्यांना फोन लावून बघा कोण उचलतं. जो उचलेल तो तुमचा डॉक्टर.

वाचवलं ते सासूबाईंनी. त्या मागच्या सीटवर होत्या, त्यांच्या माहेरी शेळ्या, करडू गारठलं की गूळपाणी चाटवायचे म्हणे. निघताना त्यांनी गुळाचा खडा आणि पाण्याची बाटली घेतली होती, मला माहीतही नव्हतं. बोट ओलं करून गुळावर फिरवायच्या आणि पिल्लाच्या हिरडीला चोळायच्या, परत बोट, परत हिरडी, आणि पिल्लू त्यांनी शालीच्या आत पोटाशी धरलेलं. दहा-पंधरा मिनिटांनी ते जीभ हलवायला लागलं. सकाळी दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी रक्तातली साखर बघितली, सलाईन लावलं आणि मग पिल्लाचं तोंड उघडून मला म्हणाले, इकडे या, बघा. पुढचे बारीक दात आलेले, मागे नुसत्या गुलाबी हिरड्या. म्हणाले दोन महिन्यांच्या पिल्लाच्या दुधाच्या दाढा आलेल्या असतात, हे जेमतेम महिन्याचं आहे. मग कार्डावरची लसीची तारीख मोजली तर त्या दिवशी ते आठ-दहा दिवसांचं असणार, डोळे पण उघडलेले नसतील.

म्हणजे ते छोटं होतं कारण ते तान्हं होतं. बस, एवढंच. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आलं. 'टीकप' नावाची जात कुठल्याही केनेल क्लबच्या (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) यादीत नाहीये. पॉमेरेनियन मुळातच टॉय जात, पूर्ण वाढल्यावर साधारण दोन ते साडेतीन किलो. त्याहून छोटं म्हणून जे विकतात ते एकतर आईपासून लवकर तोडलेलं असतं नाहीतर कमजोर असतं, आणि एवढ्याशा जीवाच्या अंगात साखरेचा साठाच नसतो, चार-सहा तास पोट रिकामं राहिलं, त्यात थंडी, की आमच्यासारखं होतं. आमची चिंगी (हो, ती वाचली, आता नऊ वर्षांच्या वर आहे) वर्षभरात साडेसात किलोची झाली. पॉम नाहीच ती, इंडियन स्पिट्झ आहे. आपल्याकडे लहानपणापासून वाड्यात, बंगल्यात जे पांढरे 'पॉम' बघितले ते बहुतेक हेच. मला तिच्या जातीचं काहीच वाईट वाटत नाही, उलट उन्हाळा झेपवायला ती खऱ्या पॉमपेक्षा बरी आहे. वाईट याचं वाटतं की तिला अजून चार-पाच आठवडे आईजवळ मिळायला हवे होते.

आणि ते पुढे भोवतंच. पिल्लं भावंडांशी खेळताना चावतात, दुसरं केकाटतं, खेळ थांबतो, त्यातून त्यांना कळतं किती जोरात चावायचं. चिंगीला ते शिकायलाच मिळालं नाही. सहा महिन्यांची असताना तिने मुलाच्या अंगठ्याला असा दात लावला की टाके पडले, आणि तो खेळत होता हो फक्त. तिला सुधरवायला वर्ष गेलं. तुमची लेक सात वर्षांची आहे म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

शनिवारी गेलातच तर आई बघायला मागा, फोटोत नाही, समोर. आई नाही म्हणाला की उठा. तोंड उघडून मागच्या दाढा बघा, दोन महिन्यांच्या पिल्लाला दुधाचे सगळे मिळून २८ दात असतात. अगदी छोट्या जातीत एखादा उशिरा येतो म्हणतात, पण मागे हिरडी सपाट असेल तर ते पिल्लू ५५ दिवसांचं नाही. वजन तिथेच काट्यावर करायला लावा. लसीच्या कार्डावर डॉक्टरचं नाव, रजिस्ट्रेशन नंबर, शिक्का हवा. कुत्र्यांच्या ब्रीडिंग आणि विक्रीचे २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, त्यात ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. ८ आठवडे म्हणजे ५६ दिवस, म्हणजे तो स्वतःच ५५ सांगतोय! 'केसीआय पेपर आहेत' म्हणून तो तुम्हाला गप्प करेल, तर केसीआय म्हणजे चेन्नईचा केनेल क्लब ऑफ इंडिया, तो कागद वंशावळीचा, मंडळाची नोंदणी वेगळी. दोन्ही मागा.

आता ब्रीड. माझी मतं आहेत, कुणाला राग आला तर आधीच सॉरी.

नागपुरात राहून चपट्या नाकाचं कुत्रं घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून गार होतं, आणि शित्झू, पग यांचं नाक-घसा इतका आखूड की ती धापच नीट लागत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, नवतप्यात (मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस) तर रात्री पण भिंती गरम. लोक म्हणतात कूलर लावतो की. पण कूलर हवेत दमटपणा सोडतो आणि धाप लागून जिभेवरचं पाणी उडतं तेव्हाच कुत्रं गार होतं, दमट हवेत ते नीट उडत नाही, त्यामुळे बंद खोलीत कूलर चालू आणि पग तरी धापतोय हे मी आमच्या हॉलमध्ये बघितलंय. एसी दिवसभर चालू ठेवायची तयारी असेल, सासूसासरे दुपारी त्याच खोलीत बसणार असतील, तर शित्झू जमेल, स्वभावाने तो तिन्हींत सगळ्यात गोड आहे, मुलांशी छान, भुंकतो पण कमी. पण मग डोळे रोज पुसायचे (मोठे, बाहेर आलेले, पटकन जखम होते) आणि केस रोज विंचरायचे. रोज म्हणजे रोज. एक शित्झू दहा दिवस आमच्याकडे होता, त्याच्या कानामागच्या गाठी आम्ही शेवटी कात्रीने कापल्या.

चिवावा सात वर्षांच्या मुलीसोबत नको. तीन किलोच्या आतलं कुत्रं, बऱ्याच जणांची डोक्यावरची टाळू पूर्ण भरलेली नसते, आणि मुलं कितीही शहाणी असली तरी उचलून घेणारच. सोफ्यावरून उडी मारली तरी पुढचा पाय मोडू शकतो. खऱ्या टॉय पॉमचं पण तेच, शिवाय त्याच्या गुडघ्याची वाटी सरकते, तीन पायांवर लंगडत पळतो आणि परत नीट चालतो, लोकांना वाटतं खेळतोय. लेक दहा-बारा वर्षांची असती तर मी वेगळं बोलले असते कदाचित.

ल्हासा तुमच्या यादीत नाही पण त्याचा विचार करा असं पण म्हणणार नाही, फार मानी कुत्रं, एकाच माणसाचं होतं, सासऱ्यांचं झालं तर तुमच्या लेकीला विचारणार नाही.

मग घ्यायचं काय? मला विचाराल तर छोटा इंडियन स्पिट्झ, पाच ते सात किलोवाला. भुंकतो, हे मान्य, भरपूर भुंकतो, शेजारी कसे आहेत ते तुम्हाला माहीत. पण उन्हाळा काढतो, वरणभात-पोळी-चिकन सगळं पचवतो आणि पोरांनी उचललं तर मोडत नाही. फक्त उन्हाळ्यात त्याला झिरो मशीन मारू देऊ नका. ग्रूमर म्हणतील गरम होतं बिचाऱ्याला. दोन थरांचा कोट ऊन पण अडवतो, आणि पॉम-स्पिट्झचे मुळापासून काढलेले केस कधीकधी परत नीट येतच नाहीत, आमच्या शेजारच्या स्पिट्झची पाठ दोन वर्षं टकली आहे.

किंवा मोठं झालेलं घ्या. दोन-तीन वर्षांचे शित्झू, पग, पॉम लोक बदली झाली, बाळ झालं म्हणून सोडून देतात, रेस्क्यू ग्रुपवाले घर शोधत असतात. वजन, स्वभाव, भुंकणं सगळं समोर दिसतं, अंदाज लावायचा प्रश्नच नाही. लेकीला पिल्लूच हवंय हे कळतं मला, माझ्या मुलाला पण तेच हवं होतं. पण पिल्लू सहा महिने पिल्लू असतं आणि ही छोटी कुत्री १२ ते १५ वर्षं जगतात. तेव्हा तुमची लेक कॉलेजात असेल.

आणखी काही, सुचेल तसं लिहिते. गळ्यात पट्टा नको, हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घ्या, छोट्या कुत्र्यांची श्वासनळी दबते आणि मग हंसासारखा खोकला लागतो. सहा महिन्यांनंतर दुधाचे सुळे पडले का बघा, छोट्या जातीत ते तसेच राहतात आणि दोन-दोन सुळे दिसतात, नसबंदीच्या वेळी भूल देतातच तेव्हाच काढून घ्या. घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा की प्रसादाचा शिरा द्यायचा नाही, त्यात बेदाणे असतात, मनुका-द्राक्षं कुत्र्याच्या किडनीवर जातात, आणि कांदेपोह्यातला कांदा पण नाही. सोसायटीवाले कुत्र्याला लिफ्टमध्ये बंदी म्हणाले तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या सूचना काढून दाखवा, सोसायटीला तशी बंदी घालता येत नाही. पिल्लू आधीच घरी असेल आणि गार पडलं तर मध किंवा गूळपाणी हिरडीला चोळा, तोंडात ओतू नका, फुफ्फुसात जातं, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवा आणि निघा, वाट बघू नका.

तुम्ही लिहिलंय की शनिवारी तुम्ही आणि मिस्टर दोघंच जाणार. सासूबाईंना नाहीतर सासऱ्यांना सोबत न्या. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात ते कुत्रं त्यांचं असणार आहे, त्याला दर चार तासांनी खाऊ घालणारे ते, त्याच्यामागे फडकं घेऊन फिरणारे ते. त्यांच्या मांडीवर ठेवून बघा. आणि दाढांचा फोटो काढता आला तर इथे टाका, मी रात्री चिंगीला फिरवून आले की बघते.