स्वॅप शून्य काहून दाखवते?

प्रश्न : नमस्कार भाऊ. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात ऑनलाइन फॉर्म भरायचं माझं छोटं दुकान आहे. जुना लॅपटॉप, २ जीबी रॅम, त्यावर लिनक्स मिंट, दोन वर्षं काही तक्रार नव्हती. मागच्या महिन्यात पोराला शिकायला म्हणून त्याच हार्डडिस्कवर बाजूला डेबियन (लिनक्सचाच दुसरा प्रकार) टाकलं अन् तेव्हापासून मिंट सुरू व्हायला दीड मिनिट जास्त लागून राह्यलं. पीकविम्याचा फॉर्म अर्धा भरला की ब्राउझर आपोआप बंद, समोर पाच-सहा शेतकरी उभे. रिपेअरवाला म्हणते रॅम गेली, नवीन लॅपटॉप घ्या. काय करू?

उत्तर : भाऊ, थांबा, पैसे घालू नका. तुमची रॅम गेली असं मला बिलकुल वाटत नाही, कारण तुम्ही सांगितलेलं ते दीड मिनिटच खरी खूण आहे. डेबियन टाकताना त्याच्या इन्स्टॉलरने जुनं स्वॅप पार्टिशन (रॅम भरली की जास्तीचं सामान ठेवायची हार्डडिस्कवरची जागा) परत फॉरमॅट केलं असणार, फॉरमॅट झालं की त्याचा यूयूआयडी म्हणजे ओळख नंबर बदलते, पण मिंटच्या एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना कोणतं पार्टिशन लावायचं त्याची यादी) जुनाच नंबर लिहून आहे. मग मिंट सुरू होताना त्या जुन्या नंबरची ९० सेकंद वाट पाहते अन् स्वॅप न लावताच पुढे जाते. डेबियनमध्ये हा त्रास नसेल, पाहा बरं.

आता टर्मिनल उघडून 'फ्री -एच' मारा, स्वॅपच्या ओळीत शून्य दिसलं तर समजा गोष्ट हीच. २ जीबी रॅम भरली अन् सामान ठेवायला स्वॅप नाही, तर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, काय करणार, जो जास्त जागा अडवून बसला त्यालाच मारते, अन् तो बहुतेक वेळा ब्राउझरच असते. 'डीमेसेज' (कर्नलचे निरोप दाखवणारी कमांड) मध्ये 'आउट ऑफ मेमरी' अशी ओळ सापडेल.

'सुडो बीएलकेआयडी' मारून स्वॅपचा नवा नंबर कॉपी करा, एफएसटॅबची एक प्रत आधी बाजूला काढून ठेवा (हे विसरू नका, एक अक्षर चुकलं तरी मशीन अडू शकते), मग जुन्या नंबरच्या जागी नवा टाका अन् 'सुडो स्वॅपऑन -ए'. पुन्हा 'फ्री' पाहा, आकडा आला पाहिजे.

त्यानंतरही हार्डडिस्क सारखी खरखर करत असेल तर 'व्हीएमस्टॅट १' लावून एसआय आणि एसओ (स्वॅपमधून आत येणारं अन् स्वॅपमध्ये जाणारं सामान) हे दोन रकाने पाहा. अधूनमधून आकडे आले तर चालते, सतत मोठे आकडे धावत असले तर रॅम खरंच कमी पडून राह्यली. अशा वेळी झेडरॅम लावा, ते रॅममध्येच डेटा दाबून ठेवते, २०१४ पासून कर्नलमध्येच आहे. स्वॅपीनेस (कर्नल स्वॅपकडे किती लवकर वळते तो आकडा) मुळात ६० असते, कोणी शून्य करा म्हटलं तरी करू नका.

अन् पोराचं डेबियन काढायची गरज नाही. दोन्ही सिस्टीम एकच स्वॅप वापरू शकतात, फक्त एक हायबरनेट करून दुसरी सुरू करू नका, झोपलेल्या सिस्टीमचं सगळं त्या स्वॅपमध्येच ठेवलेलं असते.