एचओ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्याच्या १/८७ आकारात, आयसीएफचा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) स्लीपर डबा घरी बनवता येईल का? सुरुवात कुठून करू?

नक्की येईल. आधी मापं पक्की करा. खरा डबा २१,३३७ मिमी लांब आणि ३,२४५ मिमी रुंद असतो. त्याला ८७ ने भागलं की साधारण २४५ आणि ३७ मिमी येतात. भिंतींना १ मिमी जाडीची स्टायरीन (प्लास्टिकची) शीट घ्या. पुठ्ठा दमट हवेत वाकतो.

रुळांचा एक पेच आहे. एचओचे रूळ १६.५ मिमी गेजचे (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर), म्हणजे १,४३५ मिमीच्या स्टँडर्ड गेजवर बेतलेले. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमी, त्याला खरं तर १९.३ मिमी हवेत. त्यामुळे डबा खालून अरुंद दिसतो. मी तो फरक स्वीकारतो, कारण बाजारातली चाकं आणि रूळ सहज वापरता येतात.

खरा जीव खिडक्यांत आहे. सगळ्या खिडक्या शीट सपाट असतानाच कापा, डबा जोडल्यावर पातं नीट फिरत नाही. आडव्या गजांसाठी बारीक तांब्याची तार आतून चिकटवा. वेळ लागतो, पण गज नसलेला स्लीपर डबा आपला वाटतच नाही! रंग गज लावण्याआधी द्या, प्रायमरवर दोन-तीन पातळ हात.

शेवटी वजन. हलका डबा वळणावर रुळावरून उतरतो. तळाशी नट-वॉशर चिकटवून एकूण १६५ ग्रॅमच्या आसपास आणा.

पुण्यात असाल तर कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आवर्जून पाहा.