नव्या अल्बमच्या नावाखाली संगणकात काय शिरते? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

संगणकावर गाणी ऐकणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी पाच पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. ब्राउझर कोणता चांगला यावर वाचक हिरिरीने लिहितात, पण डाउनलोड केलेली फाइल कोठून आली याची चौकशी फारच थोडे जण करतात. माझ्या मते खरा धोका तिथेच असल्यामुळे त्या प्रश्नाला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न (कोल्हापूर) : आम्ही काही मित्र रविवारी एकत्र बसून नवे अल्बम ऐकतो. एक जण क्रोमचा आग्रह धरतो, दुसरा फायरफॉक्सचा, तर तिसरा एजचा. आपल्याच ब्राउझरमध्ये आवाज अधिक स्वच्छ येतो, असे प्रत्येकाचे म्हणणे आहे. असा फरक खरोखर असतो का?

उत्तर : कानाला जाणवेल असा फरक ब्राउझरमुळे पडत नाही. गाणे सर्व्हरवरून कोणत्या बिटरेटने (म्हणजे दर सेकंदाला किती माहिती येते त्या दराने; तो केबीपीएसमध्ये मोजतात) येते आणि कोणत्या स्पीकरमधून वा हेडफोनमधून बाहेर पडते, यावर आवाजाचा दर्जा ठरतो. स्पॉटिफायचेच उदाहरण घ्या. ब्राउझरमध्ये ऐकणाऱ्यांना मोफत खात्यावर १२८ केबीपीएस आणि सशुल्क खात्यावर २५६ केबीपीएस असा दर वर्षानुवर्षे मिळत आला आहे. तुमच्यापैकी एकाचे खाते मोफत आणि दुसऱ्याचे सशुल्क असेल, तर ऐकू येणारा फरक खात्याचा आहे. शिवाय, किंचित मोठा आवाज कानाला सहसा अधिक चांगला वाटतो. त्यामुळे दोन ब्राउझरांची तुलना करण्यापूर्वी दोन्हींकडचा आवाज सारख्या पातळीवर आणून ठेवावा. बहुतेक मतभेद तेवढ्यानेच मिटतील.

क्रोम आणि एज यांच्यातील वाद तर जवळजवळ एकाच इंजिनाविषयीचा, म्हणजे पाने उघडून दाखवणाऱ्या ब्राउझरच्या गाभ्याविषयीचा आहे. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये एजसाठी स्वतःचे इंजिन सोडून गूगलच्या पुढाकाराने चालणारे क्रोमियम स्वीकारले. ऑपेरा आणि ब्रेव्हही त्यावरच उभे आहेत. स्वतंत्र इंजिन उरले आहे ते मुख्यतः फायरफॉक्स आणि सफारी यांच्याकडे.

फरक पडतो तो जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनच्या, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामच्या बाबतीत. क्रोमने एक्स्टेन्शनविषयीचे नियम बदलल्यामुळे 'यूब्लॉक ओरिजिन' हे लोकप्रिय एक्स्टेन्शन तेथे पूर्ण स्वरूपात चालेनासे झाले आणि त्याची 'लाइट' आवृत्तीच उरली. फायरफॉक्समध्ये ते पूर्वीसारखेच चालते. गाण्यांच्या शोधात अनोळखी संकेतस्थळांवर जाणाऱ्यांना फसव्या जाहिरातींचाच सर्वाधिक उपद्रव होतो, म्हणून मी फायरफॉक्सची शिफारस करतो. मात्र 'आवाज वाढवा' किंवा 'इक्वलायझर' अशा नावांची एक्स्टेन्शन घेण्यापूर्वी ती कोणती परवानगी मागतात ते जरूर वाचावे. सर्व संकेतस्थळांवरील मजकूर वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी ज्याला दिली, त्याला तुमच्या बँकेचे पानही वाचता येते.

प्रश्न (सांगली) : आवडत्या गायिकेचा नवा अल्बम येण्याच्या आधीच माझ्या मुलीला एका संकेतस्थळावर 'संपूर्ण अल्बम, ३२० केबीपीएस' अशी झिप फाइल मिळाली. अँटिव्हायरसने ती अडवली. गाण्यात व्हायरस असूच शकत नाही, त्यामुळे अँटिव्हायरसचीच चूक असावी, असे मुलीचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : मुलीचे म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि तिच्या वयाच्या अनेकांचा घात या अर्ध्या बरोबर माहितीनेच होतो. एमपी३ फाइलमध्ये असते ती केवळ ध्वनीची माहिती. प्लेअर ती वाचून आवाजात रूपांतरित करतो, तिच्यातील आज्ञा पाळत नाही. त्यामुळे खरीखुरी एमपी३ फाइल सहसा निरुपद्रवी असते. अपवाद घडतो तो प्लेअरमध्येच दोष असल्यास. अँड्रॉइडमधील 'स्टेजफ्राइट' या भागात २०१५ मध्ये तसे दोष सापडले होते आणि मुद्दाम बिघडवून तयार केलेल्या एमपी३ किंवा एमपी४ फाइलमुळे फोन दुसऱ्याच्या ताब्यात जाण्याची शक्यता निर्माण झाली होती. त्यावर उपाय होता तो अपडेट घेण्याचा.

तथापि, तुमच्या मुलीला मिळालेल्या झिपमध्ये खरी गाणी होती कशावरून? याचा हिशेब घरच्या घरी करता येतो. ३२० केबीपीएस दराने पाच मिनिटांच्या गाण्याची फाइल साधारण १२ एमबी होते, म्हणजे अशा दहा गाण्यांचा अल्बम १२० एमबीच्या आसपास जातो. संपूर्ण अल्बम म्हणून मिळालेली झिप दोन-तीन एमबीची असेल, तर तिच्यात अल्बम नाही हे उघड आहे. झिपला पासवर्ड लावलेला असेल आणि तो पासवर्ड त्याच पानावर दिलेला असेल, तर तो बहुधा आत काय आहे हे अँटिव्हायरसला दिसू नये म्हणून लावलेला असतो. ती फाइल तत्काळ काढून टाकावी.

दुसरी युक्ती नावाची आहे. विंडोज फाइलच्या नावाचा शेवटचा भाग मुळातच लपवून ठेवते, त्यामुळे 'गाणे डॉट एमपी३ डॉट ईएक्सई' अशी फाइल पडद्यावर 'गाणे डॉट एमपी३' अशीच दिसते. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' या वर्मने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या हानिकारक प्रोग्रामने, याच सवयीचा फायदा घेतला. प्रेमपत्राच्या साध्या मजकुराची फाइल म्हणून ईमेलमधून जे येत होते, तो प्रत्यक्षात प्रोग्राम होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पुढेच आहे : संगणकातील एमपी३ गाणी लपवून, त्याच नावांच्या स्वतःच्या प्रती तो शेजारी ठेवत असे, म्हणजे गाणे समजून कोणी त्यावर क्लिक केले की वर्म पुन्हा सुरू व्हावा. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' या यादीत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' हा पर्याय आहे. तो आजच चालू करून ठेवावा आणि शेवटी 'ईएक्सई', 'एससीआर', 'व्हीबीएस' किंवा 'जेएस' दिसल्यास ती फाइल गाणे नाही, हे मुलीलाही दाखवून द्यावे. गाणे वाजवण्यासाठी 'कोडेक' (ध्वनिफाइल उलगडणारे सॉफ्टवेअर) किंवा खास प्लेअर डाउनलोड करायला सांगणाऱ्या फाइलीही याच जातीच्या असतात.

अल्बम येण्याच्या आधीचे दिवस अशा फसवणुकीला सर्वांत सोयीचे असतात, कारण चाहता उतावीळ असतो आणि अधिकृत फाइल कोठेच उपलब्ध नसते. १० जुलै २०१५ पासून जगभरातील बहुतेक नवे अल्बम शुक्रवारी प्रदर्शित करण्याची पद्धत रूढ झाली आहे. तेव्हा मुलीने त्या शुक्रवारची वाट पाहावी, हा माझा मनापासूनचा सल्ला आहे. गाणी स्वतःच्या संग्रहात हवीच असतील, तर कलाकार बँडकॅम्पसारख्या संकेतस्थळावर आहे का ते पाहावे. २००८ पासून सुरू असलेल्या या संकेतस्थळावर विकत घेतलेला अल्बम एमपी३ किंवा फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या) स्वरूपात, नक्कल रोखणाऱ्या कोणत्याही कुलपाविना डाउनलोड करता येतो, आणि पैशांचा मोठा भाग कलाकाराकडे जातो.

प्रश्न (मडगाव) : गाण्यांचे एक संकेतस्थळ उघडल्यापासून पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत' अशी सूचना वारंवार येते. ब्राउझर बदलावा का?

उत्तर : ब्राउझर बदलण्याची गरज नाही, कारण ही बहुधा अँटिव्हायरसची सूचना नसून जाहिरात आहे. अशी संकेतस्थळे 'तुम्ही रोबो नसल्यास अलाउ दाबा' असे सांगून सूचना पाठवण्याची परवानगी मिळवतात आणि नंतर त्याच वाटेने घबराट पसरवतात. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'नोटिफिकेशन्स' या भागात परवानगी दिलेल्या संकेतस्थळांची यादी असते. तुमच्या ओळखीची नसलेली सर्व नावे तेथून काढून टाकावीत. सूचनेवर मात्र क्लिक करू नये.

कधीकधी संपूर्ण पडदा व्यापणारा इशारा येतो आणि त्यात मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक दिलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन करण्यासाठी क्रमांक नसतो. अशा वेळी एस्केपची कळ काही क्षण दाबून धरावी. तेवढ्याने पडदा मोकळा झाला नाही, तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. घाबरून त्या क्रमांकावर फोन केला असेल आणि पैसे गेले असतील, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, कारण लवकर कळवल्यास रक्कम पुढे जाण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता अधिक असते.

प्रश्न (न्यू जर्सी) : वीस वर्षांपूर्वी येथे विकत घेतलेल्या इंग्रजी अल्बमच्या सीडी आमच्याकडे आहेत. त्या संगणकात घेऊन भारतातील भाच्याला पाठवाव्यात असा विचार होता, परंतु त्या काळच्या अस्सल सीडींमध्येही व्हायरस असत, असे तो म्हणतो. दुकानातून पैसे देऊन घेतलेल्या सीडीत असे कसे असेल?

उत्तर : तुमच्या भाच्याने ऐकलेली गोष्ट खरी आहे, आणि संगीताचा प्रत्येक चाहता ती जाणून असावा असे मला वाटते, कारण येथे विश्वास मोडला गेला तो प्रामाणिकपणे पैसे मोजणाऱ्यांचा. सोनी बीएमजी या कंपनीने २००५ मध्ये अमेरिकेत विकलेल्या अनेक अल्बमच्या सीडींवर नक्कल रोखण्यासाठी 'एक्ससीपी' नावाचे सॉफ्टवेअर घातले होते. सीडी विंडोज संगणकात घालून तिच्यावरचा प्लेअर वापरला, की हे सॉफ्टवेअर संगणकात खोलवर बसत असे आणि स्वतःला लपवत असे. मार्क रुसिनोविच या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी ही बाब सविस्तर उघड केली. लपवण्याची पद्धतही अत्यंत निष्काळजीपणाची होती : नावाच्या सुरुवातीला डॉलरचे चिन्ह, 'एसवायएस' ही अक्षरे आणि पुन्हा डॉलरचे चिन्ह असलेली कोणतीही फाइल ते दिसेनाशी करत असे. परिणामी, काही दिवसांतच इतरांनी बनवलेले हानिकारक प्रोग्राम त्याच आडोशाला लपू लागले. ते काढण्यासाठी कंपनीने दिलेल्या साधनामुळे नवेच भगदाड पडते, हे प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले. अखेर कंपनीला सीडी परत मागवाव्या लागल्या आणि न्यायालयीन दाव्यांना सामोरे जावे लागले.

काटेकोरपणे बोलायचे तर हा व्हायरस नव्हता, कारण तो एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरत नव्हता. ज्याच्या संगणकात तो मालकाला न सांगता बसला, त्याच्या दृष्टीने मात्र या भेदाला फारसा अर्थ नाही.

आता तुमच्या सीडींविषयी. मुखपृष्ठावर किंवा कडेवर 'कंटेंट प्रोटेक्टेड' असे छापले आहे का ते पाहावे. तसे छापलेली सीडी साध्या सीडी प्लेअरवर निर्धास्त ऐकता येईल. संगणकात घालताना शिफ्टची कळ दाबून धरावी, म्हणजे सीडीवरील प्रोग्राम आपोआप सुरू होणार नाही, आणि विंडोजने काही चालवण्याविषयी विचारल्यास नकार द्यावा. ते सॉफ्टवेअर ३२ बिट विंडोजसाठी लिहिलेले असल्यामुळे आजच्या ६४ बिट विंडोजमध्ये त्याचा लपवणारा भाग चालणार नाही. भाच्याला तुम्ही केवळ ध्वनिफाइली पाठवणार असाल, तर त्यांच्याबरोबर ते सॉफ्टवेअर जाण्याची शक्यता नाही.

प्रश्न (नाशिक) : माझा विंडोज १० चा लॅपटॉप केवळ गाण्यांसाठी वापरतो. वडिलांनी गायलेली भजने कॅसेटवरून त्यात उतरवून ठेवली आहेत. पैसे देऊन अँटिव्हायरस घ्यावा का?

उत्तर : विंडोजबरोबर येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस गाण्यांपुरत्या वापराला पुरेसा आहे. पुण्याच्या क्विक हीलसारखी सशुल्क उत्पादने घेण्यास हरकत नाही. मात्र एकाच वेळी दोन अँटिव्हायरस चालू ठेवू नयेत. त्याहून तातडीची बाब म्हणजे विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तुमचा लॅपटॉप विंडोज ११ साठी पात्र असल्यास ते घ्यावे. तो पात्र नसेल, तर महत्त्वाचे व्यवहार त्यावर करणे थांबवावे आणि ब्राउझर तरी अद्ययावत ठेवावा. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या हानिकारक प्रोग्रामने जगभरातील संगणकांवरील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्याने वापरलेल्या विंडोजमधील दोषावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, तेच प्रामुख्याने सापडले.

कुलूपबंद होणाऱ्या फाइलींच्या यादीत एमपी३ सुद्धा होती, म्हणून वडिलांच्या भजनांची काळजी मला अधिक वाटते. बाजारातील अल्बम पुन्हा मिळेल, ही भजने मिळणार नाहीत. ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावीत आणि उतरवून झाल्यावर डिस्क लॅपटॉपपासून वेगळी करून ठेवावी, कारण जोडलेली डिस्कही अशा हल्ल्यात कुलूपबंद होते. आणखी एक प्रत भावाबहिणींपैकी कोणाच्या तरी घरी ठेवावी, आणि मूळ कॅसेट सुस्थितीत असतील तर त्याही टाकून देऊ नयेत.