अमेरिकेतले ट्रक लांब नाकाचे, युरोपातले चपट्या तोंडाचे, आणि आपल्याकडचे असे का? आपण तंत्रज्ञानात मागे आहोत म्हणून का?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचून उत्तर लिहायला बसलो. बेळगावच्या ऑटोनगरात आमचं ट्रकच्या बॉडी बांधायचं वर्कशॉप आहे. आप्पांनी सुरू केलं, आता मी बघतो. त्यामुळे "मागे आहोत" हे वाक्य मला नवीन नाही.

आधी थोडक्यात कारण सांगतो. ट्रकचं तोंड कसं असावं हे बऱ्याच अंशी कायदा कुठून कुठपर्यंत टेप लावतो त्यावर ठरतं. युरोपात घोडा (ट्रेलर ओढणारा इंजिन-केबिनचा पुढचा भाग) आणि ट्रेलर मिळून अख्खी गाडी १६.५ मीटरच्या आत बसवावी लागते. म्हणजे तोंड जितकं लांब, तितका माल कमी. म्हणून त्यांनी ड्रायव्हर इंजिनच्या डोक्यावर बसवला. अमेरिकेतही बऱ्याच राज्यांत पूर्वी एकूण लांबीला मर्यादा होती आणि तेव्हा तिथेही चपट्या तोंडाच्या गाड्या भरपूर होत्या. १९८२ साली कायदा बदलला. मोठ्या हायवेवर फक्त ट्रेलरची लांबी मोजायची, घोडा कितीही लांब असू दे, असं झालं. मग कंपन्यांनी नाक पुढे काढलं. तसं नाक असलं की ड्रायव्हर पुढच्या ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) मागे बसतो, हादरे कमी लागतात, इंजिनचं काम करायला सोपं जातं, मागे झोपायला खोली करता येते. शिवाय पुलांसाठीचा त्यांचा वजनाचा नियम असा आहे की ॲक्सल जितके लांब-लांब, तितकं जास्त वजन चालतं. मग कोण कशाला आखूड गाडी घेईल? त्यांचा ५३ फुटी ट्रेलर एकटाच युरोपातल्या अख्ख्या गाडीएवढा भरतो.

एकाची अक्कल जास्त आणि दुसऱ्याची कमी, असं यात काही नाही. पण हे आमच्या दाजींना पटत नाही.

दाजी टेक्सासला असतात. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आले होते. गोव्याहून परत येताना आम्ही अनमोड घाट चढत होतो. पुढे एक ट्रेलर होता, वर बांधलेली भलीमोठी मशीन, बहुतेक बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्यातरी फाउंड्रीसाठी बंदरावरून निघालेली. एका वळणावर तो अडकला. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागली. दाजी काच खाली करून म्हणाले, "आमच्याकडचा ट्रक असता तर एका दमात गेला असता. ही तुमची खोकी!" आप्पा मागच्या सीटवर होते. वर्कशॉपमध्ये केबिनच्या सागवानी चौकटीवर पत्रा ठोकताना बघून आदल्याच दिवशी दाजी त्यांना म्हणाले होते, "अजून लाकडाच्या खोक्यात माणसं बसवता?" तेव्हाही आप्पा बोलले नव्हते, आताही बोलले नाहीत.

मी खाली उतरलो. टेप माझ्या खिशात कायमच असतो. ट्रेलरचा ड्रायव्हर स्टेअरिंग पूर्ण फिरवून थांबला होता, किन्नर (म्हणजे गाडीवरचा क्लीनर) मागच्या चाकाखाली दगड लावत होता. दरडीतून लाल पाणी थेट बंपरवर पडत होतं. बंपर आणि दरड यांच्यात टेप धरला, जेमतेम तीन फूट. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ती जागा स्वतःच्या डोळ्यांनी बघत होता आणि बोटाबोटानं गाडी पुढे घेत होता. दोन-तीनदा मागे-पुढे करून निघाला. लांब नाकाची गाडी असती तर नाकच पाच-सहा फूट. ते दरडीत गेलं असतं. मी टेप दाखवून म्हटलं, "दाजी, तुमच्या गाडीचं नाक कुठे ठेवायचं सांगा?" त्यावर ते रस्त्यांना नावं ठेवायला लागले. रस्ता खराब आहे हे कबूल, पण गाडी त्याच रस्त्यावर चालायची आहे ना!

आपल्याकडेही नाकाच्या गाड्या होत्याच. टाटा-मर्सिडीजचा करार १९५४ चा, त्या बॉनेटच्या गाड्या आप्पांनी हाताखालून घातल्या आहेत. पुढे अर्ध्या नाकाच्या आल्या, इंजिनचं झाकण केबिनमध्ये, त्यावर गोधडी टाकून किन्नर झोपायचा आणि भाजून निघायचा. मग नाक गेलंच, कारण तेवढ्याच लांबीत हौदा (माल भरायचा मागचा भाग) मोठा होतो आणि भाडं हौद्याचं मिळतं.

आपलं खरं वेगळेपण तोंडात नाही, मागे आहे. बाहेर जिथे घोडा-ट्रेलर दिसतो तिथे आपल्याकडे एकसंध चासीवरच दहाचाकी, बाराचाकी, चौदाचाकी, आणि रिकामी असताना उचलायचा लिफ्ट ॲक्सल. निपाणीच्या गल्लीतल्या तंबाखूच्या वखारीपर्यंत गाडी न्यायची, फाळका पाडून हमालांनी भरायची, तवंदी घाट उतरायचा आणि मालक एका-दोन गाड्यांचा. त्याला ट्रेलर परवडत नाही आणि वळतही नाही. पासिंग, म्हणजे किती वजन भरायची परवानगी, ॲक्सलवर मिळतं. २०१८ साली दोन ॲक्सलच्या गाडीचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन झालं, तीन ॲक्सलचं २५ वरून २८.५. नियम बदलला की दुसऱ्या महिन्यात गिऱ्हाईक हौद्याची उंची वाढवायला आमच्या दारात.

एक मात्र सांगायला हवं. चपट्या तोंडाच्या गाडीत समोरासमोर धडक झाली तर ड्रायव्हरचे पाय आणि बंपर यांच्यात फारसं काही नसतं, आणि लाकडी चौकटीची केबिन फॅक्टरीत तपासलेल्या केबिनइतकी टिकत नाही. हे मी बॉडीवाला असून म्हणतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, तेही चांगलंच झालं. उन्हाळ्यात ड्रायव्हरचे हाल मी बघितलेत. आम्ही आता जास्त करून हौदेच बांधतो.

तुम्ही मेकॅनिकलला आहात असं प्रश्नात लिहिलंय. गाडीचा फोटो बघून मत बनवू नका, आधी त्या देशाचे लांबीचे आणि ॲक्सलचे नियम वाचा, मग एक दिवस आमच्याकडे या. चासी आल्यापासून 'श्री रेणुका यल्लम्मा प्रसन्न' मराठीत आणि कन्नडमध्ये रंगवून गाडी बाहेर पडेपर्यंत सुतार, पत्रेवाला, पेंटर काय करतात ते बघा. आणि दाजी, हे वाचत असाल तर मला उत्तर देऊ नका. यंदा गणपतीला याल तेव्हा आप्पांशी बोला.