पहिल्या प्रदर्शनासाठी काचशिल्प घडवताना

प्रदर्शनाची तारीख जवळ आली की नवे कलाकार सर्वांत आधी अ‍ॅनिलिंगचा, म्हणजे भट्टीत काच संथपणे थंड करण्याचा, वेळ कापतात, आणि शिल्प तडकते ते बहुधा त्यामुळेच. जाडी दुप्पट झाली की हा वेळ साधारण चौपट लागतो. म्हणून तुमचे पहिले शिल्प शक्यतो सर्वत्र सारख्या जाडीचे ठेवा. ९० आणि ९६ प्रसरण गुणांकाच्या (तापल्यावर काच किती फुगते, याचे माप) काचा एकत्र वितळवू नका. असा जोड भट्टीतून धड निघाला, तरी पुढे केव्हाही फुटू शकतो. शिल्प ज्यावर उभे राहील ती बैठक आणि प्रकाश यांचा विचार आरंभीच करा, कारण पारदर्शक काचेतून मागची भिंतही दिसते (हे ऐनवेळी लक्षात येणारे पुष्कळ). कोल्डवर्किंगचे, म्हणजे थंड काच घासून-कापून चकचकीत करण्याचे, बारकावे तूर्त बाजूला ठेवले तरी चालतील; ध्रुवीकारक फिल्टरांमधून (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणाऱ्या गाळण्या) काचेतला ताण पाहायला मात्र आत्ताच शिका.